बग्गी भारी की पिकअप, आज कळलं

मंडळी, डोंगरवाटेला छोटी ऑफ-रोड बग्गी भारी की मोठी पिकअप, हे तुम्ही सारखं विचारता ना? आज मोखाड्यात निकाल लागला.

मुंबईचे दोन पाहुणे दोन्ही गाड्या घेऊन आले होते. पाड्याची वाट दाखवायला मी बग्गीत बसलो. पिकअप नाल्यातल्या दगडांत अडकली. बग्गी मात्र माकडासारखी वर चढली.

वर एक सपाट काळा तुकडा दिसला. जळकी पडीक जमीन समजून बग्गी चालवणाऱ्या पाहुण्याने तिथे गरागरा चकरा मारल्या. तो राब होता. पालापाचोळा जाळून भाजलेल्या त्या मातीत पाड्यावरच्या सोनीकाकूने कालच नागली, म्हणजे नाचणी, पेरली होती. मी राब ओळखला होता, पण पाहुण्याला अडवायला माझी जीभ रेटली नाही.

काकू धावत आली. "अरं, राब हाय माझा! बी पेरलंय त्यात!"

पाहुणा म्हणाला, "काकी, जरा बाजूला व्हा, व्हिडिओत येताय."

काकू खाली बसली आणि चाकाच्या खुणांतून मोहरीपेक्षा बारीक बी वेचू लागली.

तर पिकअपच भारी. ती काकूच्या शेतापर्यंत पोचलीच नाही.

वाट दाखवणाऱ्याला काकूने एक शिवीसुद्धा दिली नाही. कमेंटमध्ये तुम्ही द्याल का?