मास्तरांचा कान

मास्तरांना गोंगाटाची शिसारी होती. असा माणूस सायलेन्सरच्या धंद्यात आला हे धंद्याचं नशीब. तीस वर्षं ते गाड्यांची तोंडं बंद करत आले होते. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. समोरचा चुकलेलाच आहे असं धरून बोलायची सवय, दुसरं काय?

खाली गॅरेज, वर दोन खोल्या, मध्ये लोखंडी जिना. दारावर पाटी होती : ‘सायलेन्सरची सर्व कामे. गळती कानाने शोधून मिळेल.’ त्यातलं दुसरं वाक्य मास्तरांच्या जिवाभावाचं. गाडी आली की इंजिन चालू ठेवून ते मागच्या नळीच्या तोंडात ओल्या चिंध्यांचा बोळा कोंबायचे आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचे. नळीला सुईएवढं भोक असलं तरी कोंडलेला धूर तिथून फुसफुसतो. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि बोट दाखवायचे, “हे इथे.” बाकीचे मेकॅनिक सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतात. त्यांची मास्तर यथेच्छ टर उडवायचे. “साबण अंघोळीला असतो. ज्याला कान नाहीत त्याने फेस काढत बसावं.”

अलीकडे मात्र जगाने त्यांचं डोकं उठवलं होतं. माणसं नीट बोलेनाशी झाली होती. गिऱ्हाईक पुटपुटतं, टीव्हीवरचे लोक पुटपुटतात, आणि बायको वरून काय सांगते ते एका हाकेत कळेल तर शपथ. ते टीव्हीचा आवाज वाढवायचे, ती येऊन कमी करायची, मग दोघं भांडायची. माणसांनी तोंडातल्या तोंडात बोलायचं आणि गाड्यांनी रस्ताभर बोंबलायचं, ही कुठली तऱ्हा, असं म्हणून मास्तर चडफडायचे.

त्यात एके सकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, फर्निचर पोचवायच्या पिकअपचा मालक. गाडीतून आधी अत्तराचा भपकारा उतरला, मग हा.

“भावोजी, सायलेन्सर काढून टाका. दोन्ही डबे. सरळ नळी टाका एकच. आवाज असा पाहिजे की चौकात वळलो की लोकांनी माना वळवल्या पाहिजेत.”

“लोक मान वळवतात ते शिव्या द्यायला.”

“द्या म्हणावं. कळलं तरी पाहिजे ना, कोण चाललंय ते.”

“कपाटं पोचवतोस तू. कोण चाललंय त्यात काय कळायचंय?”

मेहुण्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “ताई, सांग ना गं यांना!”

ताई खाली आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “करून टाका हो. एकुलता एक भाऊ आहे माझा. तुम्ही नाही म्हणालात तर जाईल कुठल्या तरी भुरट्याकडे, आणि गाडी जाळून घेईल.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण एवढ्यावरून घरात तोंडं फिरवून बसायची ताकद आता राहिली नव्हती. ते खड्ड्यात उतरले आणि ग्राइंडर चालू केला. पुढचा डबा कापून सोडवला तसा आतला काळा चिखल भसकन त्यांच्या मानेवर आला, गंजाचे पापुद्रे ओठांना चिकटले. ते थुंकले. ही घाण त्यांच्या ओळखीची होती, तिची त्यांना कधी किळस वाटली नव्हती. वर उभा राहून मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या आणि “आता बघा मंडळी!” म्हणून कुणा अदृश्य मंडळींशी लाडात येणाऱ्या माणसाची मात्र वाटली, पोटातून वाटली.

नाक दाबून औषध गिळावं तसं त्यांनी ते काम उरकलं. केबिनच्या बरोबर खाली, जुन्या पातळ झालेल्या नळीला नवी नळी जोडली. मग बोळा कोंबला, खड्ड्यात उतरले, डोळे मिटले आणि ऐकलं.

“ठणठणीत,” ते म्हणाले. “घेऊन जा हे ध्यान.”

मेहुण्याने रेस दिली. पिंपात तोंड घालून कुणी ओकावं तसा तो आवाज होता. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकानाचं दार लावून घेतलं. मेहुणा खिडकीतून अंगठा दाखवत गेला, आणि मास्तरांनी साबण लावून तीनदा हात धुतले. काढलेले डबे भंगारात टाकायला मात्र त्यांचं मन झालं नाही. कोपऱ्यात उभे करून ठेवले.

आठ दिवसांनी पिकअप परत आली. या वेळी मोबाइल मेहुण्याच्या खिशात होता. शेजारच्या सीटवर त्याची सहा वर्षांची मुलगी डोकं टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. दाराच्या आतून ओकारीचा ओघळ वाळला होता. अत्तर, ओकारी आणि धूर यांचा मिळून असा काही वास सुटला होता की मास्तर मागे सरले.

“रोज शाळेत सोडतो हिला. चार दिवस झाले, रोज ओकते. माझंही डोकं धरतंय. धूर आत येतोय का, बघा ना जरा.”

“काचा बंद ठेवून चालवतोस?”

मेहुण्याने मान खाली घातली. “उघड्या ठेवल्या की सहन नाही होत हो. फार आवाज येतो.”

म्हणजे ही बोंब जगासाठी होती आणि हा आत काचा लावून बसत होता! मास्तर हसले, पण ते हसू नव्हतं, उलटी यायच्या आधी तोंडाला सुटतं ते पाणी होतं. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, बोळा कोंबला, खड्ड्यात उतरले. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

“काही नाही. सांधा पक्का आहे माझा. पोरीला गाडी लागत असेल. लिंबाची गोळी दे आणि जा.”

भाचीला घ्यायला बायको जिना उतरत होती. सहाव्या पायरीवर ती थांबली.

“तो फुस्स आवाज कसला?”

“कुठला?”

“अहो, हा काय. पुढच्या चाकाच्या मागे. गॅसची शेगडी नुसतीच उघडी राहिली की येतो तसा.”

मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्यालाही तो ऐकू येत होता. मास्तरांनी कान नळीपासून वीतभर अंतरावर नेला. काही नाही. कानाची पाळी भाजली, तरी काही नाही.

ते वर आले. मोरीवरचा मग घेतला, साबणाची वडी पाण्यात खळबळवली, ब्रश बुडवला आणि पुन्हा उतरले. त्यांच्या स्वतःच्या सांध्यावर, केबिनच्या बरोबर खाली, साबणाचे बुडबुडे भराभर फुगले, फुटले, पुन्हा फुगले.

आता त्यांना किळस आली ती स्वतःची. ज्या हाताने पोरीच्या नाकात धूर सोडला त्या हाताची, आणि ‘लिंबाची गोळी दे’ म्हणालेल्या तोंडाची तर फारच.

“भावोजी, तेवढं भोक बुजवा फक्त,” मेहुणा चाचरत म्हणाला. “आवाज राहू दे.”

इंजिन बंद करून मास्तरांनी कोपऱ्यातले डबे खड्ड्यापाशी ओढत आणले आणि ग्राइंडर उचलला. भाची बाहेर ओट्यावर, वाऱ्याला, आत्याच्या मांडीवर पाणी पीत होती. तिच्या गालांवर हळूहळू रंग आला. डबे पुन्हा जागेवर बसले, प्रत्येक सांध्यावर फेस लावून झाला, एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा कुठे मास्तरांनी गाडी सोडली.

मग ते स्टुलावर बसले. बायको समोर उभी राहिली, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी. तशी ती गेले कित्येक महिने उभी राहत आली होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“टीव्हीवरून पहिलं भांडण झालं ना आपलं, तेव्हापासून. तीन वर्षं होतील. किती वेळा सांगितलं मी, डॉक्टरकडे चला.”

“मला वाटलं, तू पुटपुटतेस.”

तीन वर्षं. मास्तर पाटीकडे बघत राहिले. तीन वर्षांत किती गाड्यांखाली डोळे मिटून ते ‘ठणठणीत’ म्हणाले होते, आणि किती गाड्यांत काचा लावून, मागे पोरं झोपवून माणसं लांब लांब गेली होती! मोरीशी जाऊन ते दोनदा ओकले, तोंड धुतलं आणि टेबलाच्या खणातली गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही काढली. फोनही काढला, पण कानाशी नेऊन खाली ठेवला.

“तू बोल,” ते म्हणाले. “मला ऐकू यायचं नाही.”

ती शेजारी बसली. मास्तरांनी वहीतल्या पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. तिने फोन लावला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, “सायलेन्सरवाल्या मास्तरांकडून बोलतेय. चूक आमची आहे, पुन्हा तपासायचंय. आजच गाडी घेऊन या. आणि येताना काचा उघड्या ठेवा.”

मास्तरांनी बोट पुढच्या नंबरावर सरकवलं.