धागावाल्या काकी

नवं यंत्र दाखवलं, की लोक विचारतात, याच्यातून काय निघतं? ब्राह्मणपुरीच्या धागावाल्या काकी आधी विचारायच्या, "हाई बंद कशी करानी?" मग ती पिठाची गिरणी असो, की सुनेनं आणलेला मिक्सर. त्यांच्या लहानपणी आईचा हात कडबाकुट्टीत गेला होता. आसपास माणसं होती, पण यंत्र थांबवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझं शहाद्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. काकी पहिल्यांदा आल्या त्या मोपेडवर, मागे केळीच्या खोडाचा हातभर तुकडा बांधून. घड कापला की केळीचं खोड बांधावर सडत पडतं. त्यातून धागा काढायचं यंत्र त्यांनी प्रकाशा गावातल्या एका प्रात्यक्षिकात पाहिलं आणि शेतातल्या शेडमध्ये आणून बसवलं. धागा मात्र सारखा तुटत होता. "भाऊ, मशीन चांगली शे," त्या म्हणाल्या, "पन ती आपली केळले वळखत नही."

खरंच होतं ते. यंत्र बारीक खोडांसाठी बनलेलं. आमच्याकडची खोडं जाड, पाणीदार. रोलरमधलं अंतर, पात्यांचा कोन बदलत आम्ही पावसाळाभर खटपट केली. ज्या संस्थेनं यंत्र बनवलं, तिथले साहेब पुण्याहून आले. आमच्यासोबत चिखलात बसून त्यांनी मापं घेतली आणि रोलरला कसला पत्रा हवा ते सांगितलं. आम्हाला ते सुचलंच नसतं. काकींनी त्यांना दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. "सायेब, तुम्ही आनि आम्ही मिळीसन मशीनले आपली बोली शिकाडी," त्या हसत म्हणाल्या.

मग धागा निघू लागला. सुरतेचा एक व्यापारी चटयांसाठी तो नेऊ लागला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून बाया कामाला आल्या. त्यांतल्या सुनीताचा हात एका दुपारी खोडासोबत आत ओढला गेला. काकींनी धावत जाऊन बटण दाबलं. हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाकडी झाली.

काकींनी शेडला कुलूप घातलं. दीर म्हणाले, "वहिनी, ऑर्डर तोंडवर शे. बायास्ले जपीसन काम करा म्हना." व्यापाऱ्याचा फोन माझ्यासमोरच आला. "सेठ, माल मंग. आधी बाईना हात," एवढं बोलून काकींनी फोन ठेवला. त्यानं ऑर्डर दुसरीकडे दिली. बायांचंही काम गेलं, त्या कुरकुरल्या. काकी रोज येऊन माझ्या वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसायच्या. एकदा वेल्डिंग थांबवून मी वळलो, तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या. "मीच आनी ना भाऊ ती मशीन गावमां."

आम्ही यंत्राला लांब, अरुंद तोंड बसवलं. खोडाचा पापुद्रा आत सरकेल, हात मात्र पात्यांपर्यंत पोचणार नाही, असं. काकींचं समाधान होईपर्यंत ते मी कितीदा कापलं आणि जोडलं, आठवत नाही. शेड उघडली. सुनीताही आली, पण लांब भिंतीशी बसून राहायची. काकींनी तिला बोलावलं नाही, की बाकीच्यांना बोलावू दिलं नाही. एके दिवशी ती आपणहून उठली आणि यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. काकींनी तोंड फिरवून घेतलं. त्यांना रडू लपवता यायचं नाही.

पुढे नवापूरच्या एका गटानं तसंच तोंड बसवून मागितलं. मी म्हटलं, "काकी, आधी पेटंट लेऊत. आपली मेहनत शे."

"धागानं गिऱ्हाईक मी कोनले सांगाव नही," त्या म्हणाल्या. "पन हात वाचाडानी गोष्ट दपाडी ठेवानी का?"

अशी गोष्ट लपवून ठेवायची नसते, हे मला पटलं. मी नवापूरला जाऊन ते बसवून आलो. साहेबांनाही फोटो पाठवले.

काकी गेल्या हिवाळ्यात गेल्या. तापीकाठी त्यांना निरोप द्यायला पाड्यांवरून पिकअप भरभरून बाया आल्या होत्या.

त्यानंतर नवापूरला संस्थेच्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. लांब तोंड आता कारखान्यातूनच लागून येतं. काकींचं नाव त्यावर नाही. शिकवायला सुनीता होती. जमलेल्या बाया मागेच घुटमळत होत्या. यंत्र बंद ठेवून सुनीतानं आपला वाकड्या बोटांचा हात त्या तोंडात कोपरापर्यंत घातला, बाहेर काढून सगळ्यांना दाखवला आणि समोरच्या बाईला म्हणाली, "आता तुम्ही घालून बघा."

ती बाई बांगड्या मागे सारत पुढे आली.