काकांनंतर मशीन कोण उघडणार

उल्हासनगरला जीन्स शिवायच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. मशीन बिघडलं की आमच्याकडे एकच माणूस, मेकॅनिक काका. सत्तरीला टेकलेले, तापट. त्यांच्याकडून कुणीतरी काम शिकून घ्यावं म्हणून मी कधीची मुलींच्या मागे लागले होते.

"हात काळे कोण करणार, ताई?" एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "मेरेको नहीं जमेगा."

पण अडचण काकांचीही होती. शिकवायला बसले की लगेच पोरीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घ्यायचे. "छोड, मी करतो." मशीन सुरू व्हायचं, पोरगी उठून जायची. दोन्हीकडची समजूत काढून काढून मीच थकायचे.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी करमेना, म्हणून काळा चष्मा लावून लवकरच कामावर हजर झाले. नेमकं तेव्हाच कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉकचं मशीन टाके सोडायला लागलं. काकांना बारीक दिसत नव्हतं. त्या मशीनवर बदलापूरहून येणारी एक मुलगी बसायची. पाठ धरली म्हणून ती तशीही उभीच होती.

"तूच उघड ना," मी म्हटलं.

"बिघडलं तर?"

"बिघडलेलंच आहे," काका खेकसले.

ते सांगत गेले, ती करत गेली. सुई बदलली. सुईमागून धागा पकडणारा आकडा जरासा पुढे घेतला. "इतना नहीं! मागे घे." काकांचा हात पुढे आला की मी त्यात चहाचा कप द्यायचे. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. शेवटी टाका सरळ पडला. तिने कापड उलटसुलट करून पाहिलं आणि एकटीच हसली.

पुढे ती रोज काकांजवळ थांबू लागली. चांगली तयार झाली, आणि बदलापूरजवळ आनंदनगरच्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून लागली. घराजवळ होतं, दिवसभर वाकून बसणंही नाही. पेढे घेऊन आली. मला खरंच आनंद झाला, आणि आता मशीन कोण उघडणार, हेही लगेच मनात आलं.

"आता परत पहिल्यापासून?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नव्याने लागलेल्या एका मुलीशेजारी डबा घेऊन बसले आणि काकांकडून काम शिकून घे, हे तेच सगळं पुन्हा सांगितलं. मोबाईलवरची नजर न काढता तिने ऐकून घेतलं.

"बघू, ताई," ती म्हणाली.