बाबांचं सोडियम

आई गेली, मी लग्न होऊन बदलापूरला आले आणि अंबरनाथच्या घरात बाबा एकटे राहिले. एमआयडीसीतल्या कंपनीतून ते रिटायर झाले, पण त्यांचा मुतखडा काही रिटायर व्हायचं नाव घेईना. मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या लॅबमध्ये होते. दर महिन्याला ते चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवून आणायचे. एकदा शेअर रिक्षात कुणीतरी विचारलं, "चाचा, घासलेट कहाँ मिला?" बाबा म्हणाले, "सुबह से लाइन में था." हे सांगताना स्वतःच इतके हसले की मला रागावताही येईना.

लघवी गाळून, पातळ करून मी यंत्रात सोडायची. आतल्या नळीत क्षार सुटे होऊन एकामागून एक बाहेर पडत आणि कागदावर त्यांचे उंचवटे उमटत. आधी सोडियम, सगळ्यांत शेवटी कॅल्शियम. मीठ कमी केलंत तर खडा धरणारं कॅल्शियमही कमी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबांचं सोडियम कागदाबाहेर जायचं.

"बाबा, सुकट खाल्लीत."

"छे गं! वास तरी येतोय का?"

"वास कशाला? इथं लिहूनच आलंय."

"तुझं यंत्र लई चहाडखोर आहे."

माझी जीभ तिखट. लॅबमधल्या पोरींसमोरही मी त्यांना फाडफाड बोलायची आणि ते खाली मान घालून हसायचे.

मग एका फेब्रुवारीत सोडियम एवढंसं आलं. बाकीचे उंचवटेही ठेंगणेच होते, पण माझा डोळा पहिल्यावर. खात्री करायला पुन्हा लावून पाहिलं, तेच. मी कागद नाचवतच बाहेर आले.

"म्हणजे पास?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या नंबरात!"

शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली दिसली. वजन उतरलं, बरंच झालं, असं वाटलं.

पुढं पोटाचा कॅन्सर निघाला, तेव्हा शेजारणीनं सांगितलं की त्या फेब्रुवारीआधी महिनाभर त्यांना घास गिळवत नव्हता. पेज करायचे, तीही अर्धी टाकायचे. पोरगी ओरडेल म्हणून बोलले नाहीत. तो उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

अजून वाटतं, एकदा यावेत, त्यांनी धडधडीत खोटं बोलावं आणि मी ओरडावं. फार आठवण येते. पहिला नंबर आला त्या दिवशी त्यांना रिक्षात बसवताना मी म्हणाले होते, "असंच चालू ठेवा हं, बाबा."