बदलीमामा

आमच्या मामांनी 'मी कामाला जात नाही' असे कधी म्हटले नाही. ते रोज जात. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की डोक्याला पटका गुंडाळून निघत आणि ऊन तापायच्या आत परत येत. "आज बदली लागली न्हाय," एवढे सांगून आडवे होत.

सोलापुरात तेव्हा गिरण्यांच्या दारात बाहेरची माणसे उभी असत. आतला कोणी गैरहजर राहिला की त्या दिवसापुरते त्याच्या जागी त्यांतला एक घेत, ती बदली. मामांना ती वर्षानुवर्षे लागेना, म्हणून गल्लीने त्यांचे नाव बदलीमामा ठेवले.

घर चाले ते मामीवर. ती विणकरांच्या कांड्यांवर सूत भरून देई. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हातात सूत. पुढे तिचा उजवा खांदा असा धरला की वेणी घालायलाही हात वर जाईना. "तुमी जरा रहाट फिरवा, मी नुसतं सूत धरते," ती माझ्यासमोर म्हणाली. मामा हसले. "आज फिरवला तर तुला सवय लागंल की!"

तसे गोड माणूस. भाचरांना गोष्टी सांगाव्यात त्यांनीच. पण मी नोकरीला लागल्यावर एका सकाळी कचेरीत जाताना पाहिले, तर स्वारी तळ्याकाठी माशांना चुरमुरे टाकत बसलेली.

"मामा, तुम्ही गिरणीच्या दारात उभेच राहत नाही?"

ते जराही ओशाळले नाहीत. "भाचेबुवा, मी उभा ऱ्हायलो तर दुसऱ्या गरिबाची बदली जाती. मी हितं बसतो, म्हणून तो आत जातो. ही बी लोकसेवाच हाय की!"

"आणि मामीची बदली कोण करणार?"

"तुला लई बोलाय येतं," म्हणत त्यांनी उरलेले चुरमुरे माझ्या हातावर ठेवले.

माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. मामांचा हिशेबही मी तपासला आहे. एक बाजूला झाला की दुसऱ्याला जागा मिळते, हे खरे. पण त्यात जेवणारा धरलेला नाही आणि राबणारीही नाही. असा हिशेब कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी सही केली नसती.

मामी त्याच खांद्याने राबत राबत तापाने गेली. मामा दोन्ही वेळा आमच्याकडे जेवू लागले. वर्ष सरायच्या आत त्यांनी मोहोळकडची एक विधवा पाट लावून आणली.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा नेहमीप्रमाणे बाहेर पडले होते. नवी मामी त्याच रहाटापुढे बसली होती. तिने उठून पाणी दिले आणि काळजीने विचारले, "आज तरी ह्यांस्नी बदली लागंल का वो?"

"त्यांना नाही," मी म्हणालो. "तुम्हाला लागली."