दुधाबरोबरची गोळी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावात. मी पुण्यात वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होते आणि शनिवारी घरी यायचे. वहिनीला सातवा महिना होता. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, रक्त वाढलं नाही तर बाळंतपणात हिच्या जिवाला धोका आहे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिना उलटला तरी वहिनी पांढरीफटकच.

मला चैन पडेना. वर्गात नुकतंच शिकले होते, लोह रक्तात मोकाट हिंडत नाही, एक प्रथिन त्याला वाहून नेतं. पेशीच्या अंगावर त्या प्रथिनाला ओळखणारी दारं असतात. तिथून ते आत जातं, लोह उतरवतं आणि रिकामं परत फिरतं, गाडी घाटावर चढवून लोणावळ्याहून माघारी उतरणाऱ्या जोडइंजिनासारखं. लोह कमी पडलं की पेशी आणखी दारं उभी करते, हे पुढे कित्येक वर्षांनी वाचलं. म्हणजे वहिनीच्या पेशी तेव्हा दारं उघडून वाटच बघत असणार. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

रविवारी सकाळी ते दिसलं. आईने वहिनीच्या हातावर गोळी ठेवली आणि वर पेलाभर दूध दिलं. गोळी उष्ण पडते, दुधाने निवते, हे तिचं शास्त्र. त्यापायी डेअरीला घालायचं दूधही तिने कमी केलं होतं. पण दुधाबरोबर घेतलेलं लोह आतड्यातच अडतं, रक्तात फारसं उतरत नाही. मी आईला पेशी, प्रथिन, दारं सगळं ऐकवलं. मी हट्टी, आणि हट्ट मी तिच्याकडूनच घेतलेला. वहिनी पेला धरून दोघींकडे बघत बसली.

"माजी थोरली भन बाळतपनात गेली," आई म्हणाली. "अंगात रगत न्हवतं. हिला मी तशी जाऊ द्यायची न्हाई. दूध बंद व्हनार न्हाई."

मला फार वाईट वाटलं. दोघी एकाच जिवासाठी भांडत होतो. पण मीही मागे हटणार नव्हते. म्हटलं, दूध रात्री दे, गोळी सकाळी लिंबाच्या पाण्याबरोबर. लिंबूही थंडच की. आंबटाने लोह अंगी लागतं, हे मी हळूच नंतर सांगितलं.

आईने वहिनीच्या हातातला पेला काढून घेतला. "थंड हाय, व्हय," एवढंच म्हणाली.

परसातल्या लिंबाच्या झाडावर दोन-चारच फळं शिल्लक राहिली. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. वहिनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

बारशाच्या सकाळी आईने मला दंडाला धरून अंगणात उजेडात नेलं आणि डॉक्टरीणबाईंसारखी माझी पापणी खाली ओढली.

"तुजी बी पांढरीच हाय की," ती म्हणाली. "आन् आमी कुनी बगितलंच न्हाई."

पाहुणे यायला लागले होते. तिने गोळी आणि लिंबाचं पाणी आणलं आणि माझा पेला रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही.