खिशात राहिलेला कागद

बायकोच्या गरोदरपणातला एक रिपोर्ट मी लपवला, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सासरवाडीला नाही, आणि जिचा तो रिपोर्ट होता तिलाही नाही.

तिचा सातवा महिना होता. परभणीच्या एका दवाखान्यात तिला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला पालमहून मी एकटाच गेलो. कागद हातात देताना तपासणीवाला म्हणाला, "साखर वाढलीय साहेब. बाईंना दाखवूनच जावा." डॉक्टरीणबाई दुपारी चारनंतर यायच्या होत्या. मी थांबलो नाही. डोहाळेजेवण उद्यावर आलं होतं. माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले फुलांचे दागिने होते. ते सुकतील, असं मी स्वतःला सांगितलं. घरी बायकोनं विचारलं तेव्हा, सगळं नॉर्मल आहे, म्हणालो.

खरं कारण आई होती. सोयरीक जुळवताना आईनं विचारलं होतं, "घराण्यात साखर-बिखर हाय का कुणाला?" तिकडून नाही म्हणाले. लग्नानंतर सासऱ्यांच्या गोळ्या दिसल्या. तेव्हापासून बायकोच्या हातून चहा जरा गोड झाला तरी आई म्हणायची, "गोडाचंच घराणं तुमचं." आता हा कागद दाखवला तर भरल्या घरात काय होईल ते मला दिसत होतं. बायकोला बोलणी बसू नयेत म्हणून लपवला, असं मी मनाशी बरीच वर्षं म्हणत आलो. ते खोटं आहे. मला घरात कटकट नको होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाटावर ती फुलं लेवून बसली. दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिनं उघडली त्यात बर्फी निघाली. बायका ओरडल्या, "मुलगी गं, मुलगी!" मग एकेकीनं घास भरवायला सुरुवात केली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "खा गं, दोन जिवांची हायस. लेकरू कसं गुटगुटीत झालं पायजे." कुणीतरी मला दारातून ओढलं. "भावजी, तुमी बी भरवा की! लाजायलाय काय आता?"

मी बर्फी उचलली. कागद शर्टाच्या खिशातच होता. ती हळूच म्हणाली, "अर्धीच द्या, लय गोड झालंय."

सगळ्या बघत होत्या. मी अख्खी भरवली.

पहिलं बाळंतपण माहेरी. चार दिवसांनी तिचे भाऊ आले आणि तिला चारठाण्याला घेऊन गेले. दवाखान्याची फाइल मीच पिशवीत भरली, तो एक कागद सोडून. पुढं मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "सगळे रिपोर्ट आहेत ना यात?" मी हो म्हणालो. मूल मोठं होतं, शेवटी पोट फाडून काढावं लागलं. चार किलोच्या वर मुलगी. दवाखान्यातली बाईसुद्धा म्हणाली, पहिलवान झालाय तुम्हाला. मी पेढे वाटले.

ती मुलगी आता बारा वर्षांची आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा मास्तरांनी वजनं मोठ्यानं वाचून दाखवली. त्या दिवसापासून ती डबा मैत्रिणींत बसून खात नाही. तिची मान मागून काळी पडली होती. बायको दर रविवारी बेसन लावून ती घासायची. पोरगी रडायची, "मम्मी, आग व्हायलीय, पुरे ना!" आई बाजेवरून बोलायची, "पाजून पाजून तूच फुगवलीस तिला. आता घासून काय व्हतंय?" मी पेपर वाचत बसायचो. बायकोनं मुलीचं तूप बंद केलं, साखर बंद केली, शेवटी भाकरीसुद्धा मोजून द्यायला लागली. उरलेल्या अर्ध्या भाकरीवरून मायलेकींची भांडणं व्हायची.

गेल्या महिन्यात आम्ही तिला परभणीला दाखवलं. डॉक्टरांनी मान बघितली आणि म्हणाले, "हा मळ नाही, वजन वाढलं की कातडी अशी काळी पडते. घासू नका. तिला भाकरीसाठी रडवूही नका, आहार काय ठेवायचा ते मी लिहून देतो." मग बायकोला विचारलं, "ही पोटात असताना तुम्हाला साखर होती का?"

"नाही, सगळं नॉर्मल होतं," ती म्हणाली. "ह्यांनीच आणला होता ना रिपोर्ट." आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मी हो म्हणून मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, एकाच गोष्टीनं असं होत नसतं. खाणं आलं, खेळणं आलं, घराणं आलं. पण आईची साखर त्या दिवसांत वाढलेली असली आणि ती आटोक्यात ठेवली नाही, तर पुढं लेकराचं वजन वाढायचा धोका जास्त राहतो. "आणि अशा बाईनं स्वतःचीही साखर अधूनमधून तपासत राहायला पाहिजे. पुढं तिलाही होऊ शकते. तुम्हाला नव्हती, मग ठीक आहे."

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी झोपली होती. बायको म्हणाली, "माझंच चुकलं बघा. लाड केले मी." एवढं बोलून तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि गंगाखेड यायच्या आत संपवली. हल्ली ती बाटलीशिवाय घराबाहेर पडत नाही. उन्हाचं हाय, म्हणते. टाचेची भेग दोन महिने झाले, भरत नाही. बारा वर्षांत तिनं एकदाही रक्त तपासलेलं नाही. कशाला तपासेल? तिचा रिपोर्ट नॉर्मल होता.

तो कागद घरपट्टीच्या पावत्यांखाली आहे. शाई फिकी झालीय, पण आकडा वाचता येतो.

हे लिहिलं, पण सांगितलं अजून नाही. तो कागद बायकोच्या हातात द्यायचा आहे, आणि तिला घेऊन सकाळच्या बसनं रक्त तपासायला जायचं आहे. आईसमोर बोलायचं आहे. पोरीला सांगायचं आहे की तिची मान मळलेली नव्हती आणि ती हावरटही नव्हती. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.